साहेब गेले, सबब संपर्क नाही

४ ऑगस्ट

प्रिय मामा,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. म्हणजे मी सोडून सगळे. फोनच केला असता, पण तुझ्या फोनवरचं अर्धं तुला ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मामी ऐकते. मामीला कळलेली गोष्ट आईपर्यंत पोचायला चहा गाळण्याइतकासुद्धा वेळ लागत नाही. म्हणून हे पत्र तुझ्या बुद्धिबळ मंडळाच्या पत्त्यावर.

बातमी अशी आहे. आमचा झाकणांचा कारखाना एकतीस मे रोजी बंद झाला. फाटकाला कुलूप, सहाशे माणसं घरी. सहा वर्षं मी तिथं क्वालिटीला होते. बाटलीचं झाकण माणसाच्या हाताला उघडतं ना, आणि बाटली पिशवीत आडवी झाली तर उघडत नाही ना, एवढं बघणं हे माझं काम. लोकांना वाटतं त्यात काय मोठंसं. पिशवी भिजली की मग वाटत नाही.

आईला सांगितलेलं नाही. बाबा गेले तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. 'हिला नोकरी लागली आणि माझ्या जिवात जीव आला' हे वाक्य आई गेली सहा वर्षं ओळखीपाळखीच्या प्रत्येकाला ऐकवते, दाराशी आलेल्या गॅसवाल्यालाही. तिला कुठल्या तोंडाने सांगू? इथल्या घरमालकीणबाई दर रविवारी तिच्याशी फोनवर बोलतात, त्यामुळे खोलीतही बसून राहता येत नाही. रोज साडेआठला डबा घेऊन निघते, सार्वजनिक वाचनालयात बसते आणि सहाला दमून परत येते. दमल्याचा अभिनय करावा लागत नाही. नोकरी शोधून माणूस जितकं दमतं तितकं नोकरी करून दमत नाही.

आता खरी पंचाईत. अठ्ठावीस सप्टेंबरला आई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी इथं येणार आहे, सहा आठवडे. पहिल्याच दिवशी म्हणेल, "चल, तुझं ऑफिस दाखव." त्याच्या आत मला नोकरी हवी.

नोकऱ्या लावून देणाऱ्या एका संस्थेत एक बाई आहेत. त्यांना मी सात वेळा लिहिलं, तीनदा भेटले. दर वेळी म्हणतात, "छान आहे हो तुमचा बायोडेटा. कळवते." मी त्यांचं नाव कळवतेबाई ठेवलंय. तू पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं पत्रव्यवहार सांभाळलास. अशा माणसाशी कसं बोलतात, काय लिहितात, ते तरी सांग.

तुझी,
ठकी

९ ऑगस्ट

चि. ठकीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंडळात मिळालं. प्रतिस्पर्ध्याचा वजीर अडचणीत होता, तरी डाव सोडून वाचलं. यावरून विषयाचं गांभीर्य माझ्या ध्यानात आलं आहे हे तू समजून घे.

प्रथम गुप्ततेबाबत. माझ्या तोंडून चकार शब्द निघणार नाही. ताईला जर कळलं की मला माहीत होतं, तर माझं वय सहासष्ट आहे याचा ती विचार करणार नाही. तिने शेवटचा माझा कान पिळला तेव्हा मी हेडक्लार्क होतो.

आता 'कळवते' या शब्दाकडे येऊ. मी स्वतः 'यथावकाश कळवण्यात येईल' हे वाक्य नोकरीत काही हजार वेळा लिहिलं असेल. त्याचा अर्थ, 'तुमचा कागद कुठं आहे ते मला ठाऊक नाही आणि शोधायची इच्छाही नाही.' त्यात त्या बाईंचा दोष नाही. कागदाचा स्वभावच खाली जाण्याचा. आपण तो वर काढत राहायचा. त्यासाठी स्मरणपत्र!

तुझी आधीची सात पत्रं मी डोळ्यांसमोर आणू शकतो. 'नमस्कार, काही झालं का?' असं लिहिलं असशील. अशा पत्राला कोण घाबरतं? पत्राला जावक क्रमांक हवा, विषय हवा, संदर्भ हवा. दर तिसऱ्या दिवशी एक स्मरणपत्र, आणि तळाशी 'प्रत: वरिष्ठांना माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी'. वरिष्ठ कोण हे माहीत नसलं तरी चालतं. प्रत पाठवली नाही तरी चालतं. ती ओळ हवी. मसुदा सोबत जोडला आहे.

आणखी एक. 'नोकरी गेली' असं कुठंही लिहू नकोस. ऐकायला फार वाईट वाटतं. 'सेवेतून मुक्त' लिही. त्यात एक प्रकारचा मान आहे.

मामीला हे पत्र मी बुद्धिबळाच्या स्पर्धेबाबत आहे असं सांगितलं आहे. तेव्हा पुढच्या पत्रात एखादा घोडा वगैरे घाल.

तुझा मामा

२१ ऑगस्ट

प्रिय मामा,

घोडा. झालं समाधान?

तुझ्या मसुद्याप्रमाणे चार स्मरणपत्रं पाठवली. 'उपरोक्त विषयान्वये आपणांस पुनश्च स्मरण करून देण्यात येते की' हे तुझं वाक्य लिहिताना मलाच माझी भीती वाटली. चौथं पोचलं त्या दिवशी कळवतेबाईंचा फोन आला. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचं आमच्या संस्थेशी काही भांडण आहे का? आमच्या वकिलांनी विचारलंय." त्यांना ती नोटीस वाटली, मामा! बायोडेट्यासकट सगळे कागद त्यांनी वकिलाकडे पाठवले होते. मी म्हटलं, "नाही हो, माझे मामा पाणीपुरवठा खात्यात होते." त्यावर त्या म्हणाल्या, "अच्छा, अच्छा."

पण गंमत पुढेच आहे. वकिलाकडून परत आलेला माझा बायोडेटा त्यांच्या टेबलावर वरच राहिला, आणि त्याच दिवशी डबे बनवणाऱ्या एका कंपनीकडून क्वालिटीची जागा आली. स्वयंपाकघरातले झाकणाचे डबे! माझ्यासाठीच जागा काढलीय म्हण ना. तेव्हा तुझा सल्ला चुकीच्या वाटेने का होईना, पण लागू पडला.

आता त्यांच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे. 'मागील वरिष्ठांचा संपर्क. नसल्यास कारण, थोडक्यात.' तिथं माझं घोडं अडलंय (हा दुसरा घोडा). आमचे साहेब कारखाना बंद व्हायच्या आधीच, मार्चमध्ये, दुसऱ्या कंपनीत गेले. कुठल्या ते कुणाला माहीत नाही. ऑफिसचा फोन आता वाजतच नाही. त्यांचं घर मला माहीत आहे, पण जायला तोंड नाही. निघताना ते म्हणाले होते, "इथलं काही खरं नाही, तूही बघ कुठेतरी." आणि मी सगळ्यांच्या देखत त्यांना म्हटलं, "सगळ्यांना वाऱ्यावर सोडून निघालात, साहेब." सहा वर्षं त्यांनी मला हाताला धरून काम शिकवलं, आणि मी असं बोलले. आता त्यांच्याच दाराशी जाऊन 'माझ्याबद्दल चार चांगले शब्द सांगा' कशी म्हणू?

थोडक्यात काय लिहू ते सांग. फॉर्म शुक्रवारी द्यायचाय.

ठकी

२५ ऑगस्ट

चि. ठकीस आशीर्वाद.

टपाल निघायला दहा मिनिटं आहेत, म्हणून थोडक्यात. त्या रकान्यात खालीलप्रमाणे भर:

'आमचे साहेब मार्च महिन्यात गेले. त्यांच्यासारखा माणूस पुन्हा होणे नाही. सबब संपर्क शक्य नाही.'

पहिल्या वाक्यात वस्तुस्थिती, दुसऱ्यात आदर, तिसऱ्यात निर्णय. याहून नेटकं मला चौतीस वर्षांत जमलेलं नाही. तू त्यांना बोललीस त्याची भरपाईही दुसऱ्या वाक्यात होते.

मामा

७ सप्टेंबर

छोट्या,

पत्र का लिहितेय म्हणशील. फोनवर बोलायला लागले की मला रडू येतं, आणि तुला तसंही ऐकू येत नाही.

आज ठकीच्या नावाने एक पाकीट आलं. तिच्या ऑफिसमधून असावं, ऑफिसचं नाव मात्र बदललेलं दिसतं. कडेला काळी पट्टी होती म्हणून मी उघडलं. आत छापील कार्ड, त्यावर शाईने लिहिलेलं. तसंच्या तसं उतरवून पाठवते:

'आपले आदरणीय वरिष्ठ गेल्याचे समजून आमच्या संस्थेस अतीव दुःख झाले. एक सज्जन, निःस्वार्थी मार्गदर्शक आपण गमावला आहात. या कठीण प्रसंगी आम्ही आपल्या पाठीशी आहोत. आपल्या अर्जाबाबत यथावकाश कळवण्यात येईल.'

अर्जाचं मला काही समजलं नाही, रजेचा असेल. पण छोट्या, तिचे साहेब गेले रे! मार्चमध्येच गेले, असं मागे कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय. आणि पोरीने मला अवाक्षर सांगितलं नाही. रोज फोनवर 'हो आई, सगळं छान'. तिचा बाप गेला तेव्हाही अशीच दातावर दात धरून बसली होती. गेले दोन-तीन महिने तिचा आवाज खोल गेल्यासारखा वाटायचा, त्याचं कारण आता कळलं.

मी अठ्ठावीसपर्यंत थांबत नाही. शनिवारी, बारा तारखेला, निघते. रविवारी तिला घेऊन साहेबांच्या बायकोला भेटून येईन. तिला आधी काही कळवू नकोस, उगाच 'येऊ नको' म्हणेल. तुला माझी शपथ आहे. आणि सांत्वनाला काय बोलतात ते चार ओळी लिहून पाठव. तू त्यातला आहेस.

ताई

१० सप्टेंबर

चि. ठकीस आशीर्वाद.

हे पत्र मी तुला लिहिलेलं नाही. ताईने शपथ घातल्यामुळे मी तुला काहीही कळवू शकत नाही, आणि तुला शब्द दिल्यामुळे तिलाही काही कळवू शकत नाही. दोन्ही बाजूंनी बांधला गेलेला असा प्रसंग माझ्यावर आजवर आला नव्हता. पाण्याची टाकी फुटली होती तेव्हासुद्धा नाही.

तेव्हा ताई शनिवारी तुझ्याकडे पोचते आहे असं मी म्हटलेलं नाही. कायमचा पत्ता म्हणून तू फॉर्मवर तिचा पत्ता दिलास आणि त्या संस्थेने तिथं शोकसंदेश धाडला, हेही मी म्हटलेलं नाही. 'गेले' या क्रियापदाचे दोन अर्थ होतात ही गोष्ट मसुदा करताना माझ्या लक्षात आली नाही, हे मात्र मी स्वच्छ मान्य करतो. त्यात 'पुन्हा होणे नाही' जोडल्यावर दुसरा अर्थ उरतच नाही. काल मामीने माझ्या टाचणवहीत तो मसुदा वाचला आणि विचारलं, "कोण वारलं?" तेव्हा मला दरदरून घाम फुटला.

मामीला आता सगळं माहीत आहे. तिने अजून फोन उचललेला नाही. मी फोनपाशी खुर्ची टाकून बसलो आहे.

मामा

१४ सप्टेंबर

प्रिय मामा,

तू न लिहिलेलं पत्र आज सोमवारी मिळालं. आई शनिवारीच आली. टपालखात्याला माझा नमस्कार सांग.

दार उघडलं तर दोन पिशव्या आणि आई. तिने एक शब्द न बोलता मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "मला सगळं कळलंय."

मी विचारलं, "कसं कळलं?"

"पत्र आलं घरी. मार्चपासून मनात ठेवलंस? आईला सांगावंसं वाटलं नाही?"

"मार्चपासून नाही गं, मेपासून," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं.

"रड, मोकळी हो," आई पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "आज ना उद्या सगळ्यांनाच जायचंय."

"सगळेच गेले, आई. सहाशे जण. एका दिवसात."

तिचा हात पाठीवर थांबला. "सहाशे?"

"सहाशे बारा."

"आणि पेपरात काही आलं नाही?"

"आलं होतं की. आतल्या पानावर, एवढंसं."

आई खुर्चीत बसली, पाणी मागितलं. "कशाने झालं गं?"

"मालकाच्या हट्टाने. नवीन मशिनं घ्या म्हणून आम्ही कधीचे सांगत होतो."

"मग तू कशी वाचलीस?"

"मी कुठं वाचले? मीही त्यातच."

यावर आईने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला, मला अंथरुणावर घातलं, वर चादर ओढली आणि 'आता एक अक्षर बोलायचं नाही' असं बजावलं. मला वाटलं, काय समजूतदार आई आहे माझी! नोकरी गेल्याचं कळूनही ओरडली नाही.

रविवारी सकाळी म्हणाली, "आवर, साहेबांच्या घरी जायचं." मला वाटलं, ही आता माझ्या नोकरीसाठी त्यांच्यापुढे पदर पसरणार. मी म्हटलं, "नको गं, मी कुठल्या तोंडाने जाऊ?" तर म्हणते, "अशा वेळी तोंड कोण बघतं? काही बोलायचं नसतं. नुसतं जाऊन बसायचं." आईपुढे कुणाचं काय चाललंय, ते तुला माहीतच आहे.

दार साहेबांनीच उघडलं. हाफ पँट, हातात ब्रश, कपाळाला पांढरा रंग. खिडक्या रंगवत होते. आईने त्यांना माझ्याकडच्या ग्रुप फोटोत पाहिलेलं. तिने हात जोडले आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आपण त्यांचे बंधू का? चेहऱ्यात फार साम्य आहे हो."

"कुणाच्या?"

"जे गेले त्यांच्या."

"कोण गेलं?"

"तुम्ही," मी म्हटलं. मला वाटलं, ते मुद्दाम वेड पांघरतायत. "मार्चमध्ये."

"हो, मी गेलो ना," साहेब म्हणाले. "पण त्याला आता किती दिवस झाले!"

आईने भिंतीचा आधार घेतला.

पुढचं सगळं साहेबांच्या बायकोने मार्गी लावलं. आधी आईला बसवलं, मग सगळ्यांना गप्प केलं, मग एकेकाला बोलायला लावलं. आईने पर्समधून ते काळ्या पट्टीचं कार्ड काढलं. साहेबांनी उभ्याउभ्या स्वतःचा शोकसंदेश वाचला. "'सज्जन, निःस्वार्थी मार्गदर्शक.' चांगलं लिहिलंय की," ते म्हणाले. त्यांची बायको म्हणाली, "खिडक्या पूर्ण झाल्याशिवाय मी ते मान्य करणार नाही."

आणि मग मामा, साहेब एकदम हसत सुटले. ते आता कुठं आहेत माहीत आहे? त्याच डब्यांच्या कंपनीत! क्वालिटीची जागा त्यांच्याच हाताखालची आहे. सहा आठवडे रिकामी. कळवतेबाईंनी त्यांना सांगितलं होतं, "एक मुलगी चांगली आहे, पण तिच्याबद्दल खात्री द्यायला कुणी जिवंत नाही." नाव सांगितलंच नाही, त्यांच्याकडे तसा नियम आहे म्हणे.

मी त्यांची माफी मागितली. वाऱ्यावर सोडून निघालात, असं बोलले होते त्याबद्दल. ते म्हणाले, "खरंच बोललीस तू. म्हणून तर मी तुला फोन केला नाही. वाटलं, उचलणार नाहीस." म्हणजे इतके महिने मी त्यांना तोंड दाखवत नव्हते आणि ते मला. पण दारातून सरळ आत घेता येणार नाही म्हणाले, माणसं संस्थेकडूनच यावी लागतात. "त्या बाईंना नीट लिही. तुझ्या स्वतःच्या शब्दांत. आणि आधी मला जिवंत कर."

आई हे सगळं ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे साहेब आहेत आणि नोकरी गेली." मी म्हटलं, "हो."

परतीच्या बसमध्ये तिने आधी दोघींची तिकिटं काढली. मग विचारलं, "डबा कुठं खायचीस?"

"वाचनालयाच्या जिन्यावर."

"एकटीच?"

"हो."

तेव्हा ती रडली. नोकरीसाठी नाही रे. म्हणाली, "मी गावभर तुझ्या नोकरीचं सांगत फिरले, म्हणून तुला मला सांगता आलं नाही ना?" मी म्हटलं, "तसं नाही गं." ते खोटं होतं आणि तिला ते कळलं. मला फार वाईट वाटलं, मामा. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तुझ्याबद्दल फक्त एवढंच म्हणाली, "छोट्याला बघते मी."

ठकी

१५ सप्टेंबर

नमस्कार मॅडम,

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे, कुणाच्या मसुद्यावरून नाही.

माझ्या फॉर्ममध्ये चूक झाली. माझे साहेब जिवंत आहेत आणि काल-परवाच मी त्यांना खिडक्या रंगवताना पाहिलं. 'गेले' म्हणजे दुसऱ्या कंपनीत गेले. योगायोगाने ती कंपनी म्हणजे तुम्ही मला पाठवणार होतात तीच. ही गोष्ट नंतर कळण्यापेक्षा आत्ताच सांगते. त्यांचा नंबर खाली दिला आहे. संध्याकाळी सहानंतर उचलतात.

माझी नोकरी एकतीस मे रोजी गेली, कारखाना बंद झाला म्हणून. सहा वर्षांत मी बावीस प्रकारची झाकणं तपासली. झाकण हाताला उघडावं आणि पिशवीत उघडू नये, हे मला चांगलं जमतं. डबे मी याआधी केलेले नाहीत, शिकायला किती दिवस लागतील ते आत्ता सांगता येणार नाही.

मुलाखतीला कुठल्याही दिवशी येऊ शकते. जागा भरली गेली असेल तर तसं स्पष्ट सांगा, मला राग येणार नाही. 'कळवते' म्हणालात तर मात्र मी वाट बघत बसते.

१७ सप्टेंबर

नमस्कार,

तुमचं पत्र वाचून मी आधी पाणी प्यायले आणि मग तुमच्या साहेबांना फोन केला. 'हॅलो, मीच तो दिवंगत' असं म्हणाले. चौदा वर्षांच्या नोकरीत असा फोन मी पहिल्यांदाच केला. कार्डाबद्दल मनापासून माफी मागते. उमेदवाराचं दुःख हलकं करायचं असा आमच्याकडे नियम आहे, दुःख आहे की नाही ते विचारायचा नाही.

'कळवते'बद्दल सांगू का? माझ्याकडे एकशे चाळीस जणांचे कागद आहेत. कंपन्या मलाही 'कळवतो' म्हणतात आणि मीही तुमच्यासारखीच वाट बघते. नाही म्हणायला जीभ उचलत नाही, म्हणून तो शब्द निघतो. तुम्ही लिहिलंत तसं सरळ कुणी लिहिलं, की मलाही सरळ बोलता येतं. जागा भरलेली नाही. तिथले साहेब तुमचे आधीचे वरिष्ठ आहेत हे मी कंपनीला आधीच सांगितलंय. मंगळवारी, बावीसला, सकाळी अकरा वाजता मुलाखत आहे.

ताजा कलम: तुमच्या मामांकडून थेट मला स्मरणपत्र क्र. ५ ते ९ आली आहेत. दहावं येऊ नये यासाठी काही करता आलं तर बघा. आमचे वकील रजेवर जायचं म्हणतायत.

२२ सप्टेंबर

प्रिय मामा,

क्र. ५ ते ९? तोंडातून चकार शब्द काढणार नव्हतास ना? 'तोंडातून नाही, लेखी काढला' असं म्हणू नकोस, मला माहीत आहे तू तेच म्हणणार. आईला मी हे सांगितलेलं नाही. एक तरी गोष्ट आपल्या दोघांत राहू दे.

आज मुलाखत झाली. खोलीत तिघं होते, साहेब, एक चष्मेवाले अधिकारी आणि कंपनीच्या मालकीणबाई. साहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं, "मी हिला ओळखतो, म्हणून मी काही विचारणार नाही," आणि खरंच तोंड मिटून बसले. तुझ्यापेक्षा चांगलं जमलं त्यांना.

चष्मेवाल्यांनी विचारलं, "आधीची नोकरी का सोडली?"

'सेवेतून मुक्त' माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. मी म्हटलं, "सोडली नाही, गेली." मामा, ऐकायला वाईट वाटलं नाही रे. हलकं वाटलं.

मग मालकीणबाईंनी त्यांचा एक डबा माझ्यापुढे सरकवला. "यात काय चुकलंय ते सांगा." मी झाकण काढलं, लावलं, डबा उलटा करून हलवला. घट्ट होतं, एकदम छान. पण झाकण आणि डबा, दोन्ही एकाच रंगाचे. मी म्हटलं, "माझ्या आईला हा उघडता येणार नाही. झाकण कुठं संपतं ते तिला दिसणारच नाही. ती सुरीने उघडायला जाईल आणि हात कापून घेईल."  बाईंनी डबा स्वतःकडे ओढून घेतला, डोळे बारीक केले आणि कडेवरून बोट फिरवत राहिल्या. साहेब खोकले. मला वाटलं, संपलं, मालकिणीच्या डब्याला नावं ठेवली.

मग घरी कोण असतं, पोचायला किती वेळ लागतो, असं काहीबाही चष्मेवाले विचारत राहिले. बाई अजून डब्याकडेच बघत होत्या. शेवटी त्यांचे प्रश्न संपले. आता त्या 'कळवतो' म्हणणार आणि बाहेर बसलेल्या आईला मी काय सांगणार, एवढंच डोक्यात होतं. त्यांनी ते म्हणायच्या आतच मी पर्स उचलली, नमस्कार केला आणि सवयीने म्हटलं, "बरं, येते मी."

मालकीणबाईंनी मान वर केली. "कधी?"

मला कळेना. मी म्हटलं, "आत्ताच निघते. सव्वाबाराची बस आहे."

"तसं नाही. येते म्हणालात ना? कधीपासून येताय?"

मी साहेबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे खांदे हसण्याने हलत होते. "सोमवारपासून," मी म्हटलं. आवाज माझाच होता की नाही कुणास ठाऊक.

आई बाहेर बाकावर बसली होती. तिला लांबून नीट दिसेना म्हणून उठून दोन पावलं पुढे आली आणि माझा चेहरा बघायचा प्रयत्न करू लागली. "काय गं? काय म्हणाले?"

"मी म्हटलं येते," मी म्हटलं. "ते म्हणाले, या."

तुझी,
ठकी